दहावा स्वर

बाबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. सगळा जन्म छापखान्यात, मशीनच्या खडखडाटात गेलेला. पण पोटची पोर निघाली सुरांची शिक्षिका. लहान मुलांचे कान तयार करणं हाच तिचा धंदा. गावभर कान पिळत हिंडायचं आणि घरात हा असा ढ माणूस, हे तिला कसं खपणार?

म्हणून बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, की रोज तास. पद्धत ठरलेली. बाबांनी तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायचं, कारण आत बसले की ते कान सोडून तिची बोटं बघायचे. दार लोटून ती आतून पियानोवर आधी सा ऐकवायची, मग एकेक स्वर. बाबांनी बाहेरून नाव सांगायचं. चुकलं की ती म्हणायची, "चूक. पुन्हा." ओळीनं दहा बरोबर आले की तास संपला.

तो तास काही संपायचा नाही. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "अहो, काहीतरी सांगा आणि उठा, जेवण गार होतंय!"

"काहीतरीच तर सांगतोय!" बाबा म्हणायचे, आणि दाराआड ती खो खो हसायची.

मग ती आजारी पडली. अंगात त्राण नसताना एका दुपारी पियानोशी बसली आणि तिनं बाबांच्या मोबाइलवर धडा रेकॉर्ड केला. स्वर, जरा शांतता, मग तिच्या आवाजात नाव. "मला बसवत नाही म्हणून तास बुडवायचा नाही," असा दम दिला. बाबांनी तो ऐकला नाही. म्हणाले, "तू बरी हो, मग तुझ्यासमोरच चुकेन."

ती बरी झाली नाही.

पुढे बरेच दिवस त्या खोलीकडे कुणी फिरकलं नाही. एका संध्याकाळी बाबांनी मोबाइल पियानोवर ठेवला, धडा लावला, दार लोटलं आणि बाहेर खुर्चीवर येऊन बसले. तिचा आवाज आला, "ग." बाबा धाय मोकलून रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची टाकली.

आणि काय सांगावं, तो मेला कान आता तयार व्हायला लागला! शीळ घालणारी किटली, कुरकुरणारं फाटक, छापखान्यातलं मशीन, सगळ्यांचे सूर त्यांना कळू लागले. पोरगी असताना हे का नाही झालं, म्हणून ते स्वतःवरच चरफडत.

एकदा एका स्वरावर ते अडले. धड्यातली शांतता ठरलेली, जेमतेम श्वास घेण्याएवढी. त्या दिवशी मात्र आतला आवाज थांबून राहिला. बाबांनी मान खाजवली, विचार केला, मग म्हणाले, "ध."

"बरोबर," आतून आलं.

धड्यात 'बरोबर' असा शब्दच नव्हता. असेल, आपण ऐकला नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशी स्वरांचा क्रम बदललेला होता. तिसऱ्या दिवशी ते चुकले, तर "चूक. पुन्हा." म्हणून तोच स्वर पुन्हा वाजला. चष्मा काढायला त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, तर मोबाइल खिशातच होता.

त्यांनी दार उघडलं नाही. आत काही दिसेल याला ते भ्याले नव्हते. कुणीच दिसलं नाही तर काय करायचं, ही भीती होती.

आता एकच धास्ती. कान तर तयार झाला. दहा बरोबर आले की तास संपला, हा तिचाच नियम आणि ती शब्दाची पक्की. मग बाबा लबाडी करू लागले. नऊ बरोबर सांगायचे आणि दहावा चुकवायचा. शेंबड्या पोरालाही कळेल असा स्वच्छ सा वाजायचा आणि बाबा ठोकून द्यायचे, "म."

"चूक. पुन्हा."

असे कितीतरी तास झाले. पण आवाज दिवसेंदिवस थकत चालला. शेवटच्या दिवसांत लागायची तशी धाप मधेच ऐकू यायची. दोन स्वरांमध्ये खूप वेळ जायचा.

एका संध्याकाळी दहाव्या स्वरानंतर बाबा "म" म्हणाले, आणि आत काही वाजलं नाही.

"बाबा, मुद्दाम चुकताय."

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले.

"मी दमलेय हो."

त्यांनी मागे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. गॅस बंद होता. रोज याच वेळी तो बंद करून तीही ऐकत असायची, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"सांगून टाका एकदाचं," आई म्हणाली. "लेकराला अजून किती बसवून ठेवणार?"

सा पुन्हा वाजला, अगदी हळू.

"सा," बाबा म्हणाले.

"बरोबर."

आत स्टूल सरकलं. मग काही नाही.

त्यानंतर बाबा रोज खुर्चीवर बसत. आतून काही येत नसे. घर खायला उठलं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी आईचा हात धरला आणि दोघं त्या खोलीत गेली. पियानोवर धूळ होती. बाबांनी दार लोटलं, स्टुलावर बसले, आणि एका बोटानं सा दाबला.

स्वर विरत गेला.

बाहेर रिकामी खुर्ची कुरकुरली.

"म," बाहेरून आवाज आला. त्यात आता थकवा नव्हता.

बाबांनी आईकडे पाहिलं. त्या पोरीचा कान जन्मात कधी चुकला नव्हता.

आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो," ती कुजबुजली, "म्हणा ना."

"चूक," बाबा म्हणाले. "पुन्हा."

बाहेर खुर्ची फरशीवर घासत दाराच्या आणखी जवळ आली.