रस्त्याची दुसरी बाजू

सिनेमाच्या अंधारातून घाईघाईने बाहेर पडताना सरू दारातल्या माणसावर आदळली, आणि त्याच्या हातातला चहा त्याच्याच सदऱ्यावर सांडला.

"रोज अर्ध्यातच उठता," सदरा झटकत तो म्हणाला. रोह्याहून सिनेमाचं मशीन घेऊन आलेला तो माणूस. "पिक्चर एवढा वाईट हाय?"

"मला काय कळतंय त्यातलं..."

"मंग येता कशाला? माझा चहा सांडायला?"

सरूला हसू आलं, आणि हसल्याचं वाईटही वाटलं.

पेणच्या शाळेतल्या सभागृहात फिल्म सोसायटीने तो सिनेमा आणला होता. गाणं नाही, मारामारी नाही. मुंबईतली अनोळखी माणसं नुसती एकमेकांजवळून जातात. लोक जांभया देत. सरू मात्र गणपतीच्या कारखान्यातून हाताचा रंगही न धुता यायची. कारण सिनेमातल्या एका गर्दीच्या रस्त्यावरून, पिवळी पिशवी घेऊन, तिचा नवरा चालत जायचा. कॅमेऱ्याने त्याच्या नकळत टिपलेला. पाठ, आणि वळताना जरासा गाल... एवढंच. तो वारल्याला दोन वर्षं झाली होती. तो पडद्याबाहेर गेला की सरूही उठायची. पुढे तिच्यासाठी बघण्यासारखं काय होतं?

"पिवळ्या पिशवीवाले," ती हळूच म्हणाली, "आमचे ते."

त्याची थट्टा तिथेच थांबली. "नाव काय व्हतं त्यांचं?"

"नवऱ्याचं नाव कुठं घेतात?"

रिकामा कप हातात फिरवत तो म्हणाला, "उद्या शेवटचा खेळ. उद्या उठू नका. तो रस्ता शेवटाला परत येतो... समोरच्या बाजूनं. तवा त्यांचं तोंड दिसतं."

"तुमाला काय ठावं?"

"मी रोज शेवटपर्यंत असतो. आनि तुमी गेलात, की... तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसतो."

सरू पदर सावरून निघाली. एसटीत बसल्यावर मात्र तिला त्याचा राग आला. असलं बोलायचंच होतं, तर नवऱ्याला भेटायची वाट कशाला दाखवली त्याने?

दुसऱ्या दिवशी ती बसून राहिली. शेवटी तो रस्ता परत आला. एका म्हातारीची पिशवी फाटून कांदे गडगडले, आणि सरूचा नवरा वाकून ते गोळा करू लागला. म्हातारी काहीतरी बोलली. तो हसला. लग्नाच्या फोटोत काठी गिळल्यासारखा बसलेला तिचा नवरा तोंडभरून हसला, आपली पिवळी पिशवी उचलली आणि चालता झाला. सरू पदर तोंडाला लावून रडली. पण उठली नाही. दिवे लागले तेव्हा तिला फार थकल्यासारखं आणि हलकं वाटत होतं.

मशीनवाला खाली मान घालून वायर गुंडाळत होता. सरूने बाहेरच्या टपरीवरून चहा आणला.

"जनू," ती म्हणाली. उखाण्याखेरीज ते नाव तिने कधी घेतलं नव्हतं. "त्यांचं नाव जनू व्हतं."

त्याने वर पाहिलं. त्याचेही डोळे लाल होते.

"आनि तुमचं?" तिने विचारलं.

"कान्हू."

"घ्या, कान्हू," कप पुढे करत ती म्हणाली. "आज नाय सांडणार."