झाडओळख

उन्हाळी शिबिरात मुलांना निसर्ग शिकवणं हे काम ऐकायला जितकं छान वाटतं, तितकं करायला नसतं. सकाळी पिशवीत भिंगं, दोऱ्या, डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या आणि खरचटल्यावर लावायचं मलम भरायचं, आणि मग दिवसभर ‘काठी खाली ठेव’, ‘ते तोंडात घालू नकोस’, ‘त्या मुंग्यांनी तुझं काय घोडं मारलंय’ असं म्हणत हिंडायचं. उरलेलं वर्ष मी शाळांमध्ये बदली शिक्षिका म्हणून जाते. कोणी आजारी पडलं, कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, की शाळांना माझी आठवण होते. उन्हाळ्यात मात्र शिबिराचं जंगल आपलं असतं, असं मला वाटायचं.

जंगल म्हणायचं आपलं. ते लावलेलं होतं. एका जातीची, एका वयाची झाडं, कवायतीला उभी केल्यासारखी ओळीत. खोडं सरळसोट, साल खरखरीत, आणि जाडी एवढीच की आठ-नऊ वर्षांच्या मुलाने मिठी मारली तर पलीकडे बोटांना बोटं लागावीत. जंगलाच्या तोंडाशी आमची लाकडी इमारत. एक मोठी खोली, भिंतीवर दप्तरांसाठी खुंट्या, कितीही आवळला तरी गळणारा नळ आणि सदैव ओल्या बुटांचा वास.

अशा ठिकाणी प्रत्येक झाड वेगळं असतं हे मुलांना पटवायचं म्हणजे कसरतच. त्यासाठी माझा एक हुकमी खेळ होता, झाडओळख. जोड्या करायच्या. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसरा त्याचा वाटाड्या. वाटाड्याने हात धरून, मुद्दाम वळणं घेत, जोडीदाराला एका झाडापाशी न्यायचं, तिथे हात सोडून मागे सरायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पट्टीवाल्याने झाड चाचपायचं, हुंगायचं, कान लावून ऐकायचं. मग पुन्हा हात धरून त्याला दुसऱ्याच वाटेने परत आणायचं, पट्टी सोडायची आणि म्हणायचं, शोध आता तुझं झाड.

आणि मुलं शोधतात. एकेका खोडावरून हात फिरवत जातात. आपलं नसलं की त्याला दोनदा थोपटतात आणि पुढच्याकडे वळतात. हे थोपटणं मी कधी कोणाला शिकवलं नाही. झाडाला वाईट वाटू नये म्हणून असेल, पण सगळीच तसं करतात. आपलं सापडलं की मात्र सोडता सोडत नाहीत. डोळे फसतात, हात विसरत नाहीत, असं मी दरवर्षी पालकांना सांगायचे आणि पालक कौतुकाने माना डोलवायचे.

त्या उन्हाळ्यात पहिली तक्रार आली ती एका चष्मेवाल्या मुलीची. तिचं झाड तिला सापडेना. तिच्या वाटाड्याने दाखवलं, हेच, याच्यापाशीच आणलं होतं मी तुला. ती ऐकायला तयार नव्हती. तिचं झाड एवढं मोठं होतं की हात पुरले नव्हते, साल गुळगुळीत होती आणि हाताला कोमट लागली होती. मी तिला समजावलं की डोळे बांधले की सगळंच मोठं वाटतं. दात पडल्यावर तिथे जीभ लावली की खड्डा केवढा वाटतो, तसं. तिचा दात नुकताच पडला होता, त्यामुळे तिला ते लगेच पटलं.

पुढच्या तुकडीत एका मुलाने सांगितलं की त्याच्या झाडाला छातीच्या उंचीवर ढोली होती. मी विचारलं, आत काय होतं? तो म्हणाला, “हवा. पण आत-बाहेर होणारी.” त्यानंतर काही दिवसांनी आणखी एकाने हसत हसत सांगितलं की मी झाडाला कान लावला, तर पलीकडूनही कोणीतरी कान लावला होता. पोरं हसली, मीही हसले. पण त्या दुपारी रखवालदार काका कुंपणाची तार ओढत होते, त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, लागवडीच्या वेळी एखादं जुनं झाड ठेवलं होतं का? ते म्हणाले, उघडा माळ होता बाई, झुडूपसुद्धा नव्हतं, एकूण एक झाड या हातांनी लावलंय. का विचारताय म्हणाले, तर म्हटलं, उगीच.

खेळ मी बंद केला नाही. कोणत्या कारणाने करणार होते?

त्याच दिवसांत खारू माझ्याकडे राहायला आली. ती माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची. बहीण इस्पितळात परिचारिका, नवरा कधीच वेगळा झालेला, आणि शाळेला सुटी लागली की पोरीला ठेवायचं कुठे हा तिचा दरसालचा घोर. “ताई, महिनाभर तुझ्या ओटीत घालतेय. जशी देतेय तशी परत दे,” असं म्हणून ती हसली होती, वर ‘माय मरो पण मावशी जगो’ हेही ऐकवून गेली होती. मी तिला म्हटलं, शुभ बोल गं जरा.

खारू हे नाव मी ठेवलेलं. खारीसारखी तिची सतत साठवणूक चाललेली असायची. खिशात बिया, टरफलं, पिसं, बाटलीची झाकणं. मागे कधीतरी ती सायकलवरून पडली होती, तेव्हा बारीकसा खडा तिच्या उजव्या तळहातात, अंगठ्याच्या खाली रुतला आणि वरून कातडी धरली. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, त्रास नाही. तो दिसायचा नाही, दाबलं तरच लागायचा, मोहरीएवढा. रस्त्याने जाताना मी तिचा हात धरला की माझा अंगठा आपोआप तिथे जायचा. मग ती विचारायची, “माऊ, आहे का गं?” मी म्हणायचे, “आहे.” मला स्वतःचं मूल नाही. ते शब्द ऐकायला मी मुद्दाम रस्ता ओलांडायचे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

त्या दिवशी मुलांची संख्या विषम झाली आणि खारूला जोडीदार मिळेना. मग मीच तिची वाटाडी झाले. पट्टी बांधली, हात धरला, ओळींमधून वळणं घेत तिला एका खोडापाशी नेलं. अगदी साधं खोड, पायवाटेपासून दिसणारं. तिचे हात सालीवर ठेवले आणि नियमाप्रमाणे मागे सरले.

तेवढ्यात पलीकडच्या ओळीत रडारड झाली. एक वाटाड्या आपल्या जोडीदाराला घेऊन थेट काटेरी झुडपात घुसला होता. मी मान वळवली, नजरेनेच दोघांना दटावलं आणि पुन्हा इकडे पाहिलं. खारू तिथेच होती. पाठमोरी, गाल खोडाला लावून, खोडाला कवेत घेऊन.

तिची बोटं पलीकडे जुळली नव्हती. हात ताणलेले होते, जितके ताणता येतील तितके.

मी तिचा हात धरून तिला परत आणलं, गोल फिरवलं, पट्टी सोडली. ती चालत गेली नाही. एकाही खोडाला तिने हात लावला नाही. उभ्या जागेवरून बोट दाखवून म्हणाली, “ते.” बरोबर होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना रस्ता ओलांडायची वेळ आली, मी हात धरला. अंगठा नेहमीच्या जागी गेला. तिथे काही नव्हतं. मी थोडं सरकवून दाबलं, मग तिचा दुसरा हात घेतला, तोही दाबला. ती निमूट उभी होती.

“खारू, खडा कुठे गेला गं?”

“कसला खडा, मावशी?”

तिने मला आजवर कधी मावशी म्हटलं नव्हतं. घरी आल्यावर मी तिचा फ्रॉक धुवायला घेतला आणि सवयीने खिसे उलटे केले. खिसे रिकामे होते, शिवणीत मातीचा कणसुद्धा नव्हता. जेवताना तिने पानातलं सगळं संपवलं आणि दिवा मालवल्यावर रोजच्यासारखी उठून माझ्या अंथरुणात आली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर मी तिला त्या मोठ्या खोलीत बाकावर बसवलं. ऊन अजून चांगलं होतं. मी जंगलात गेले, त्या खोडापासून थोड्या अंतरावर उभी राहिले आणि स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. वयाने मोठी, शिकलेली बाई मी. कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, हा विचारही मनात येऊन गेला. मग हात पुढे करून चालू लागले.

हाताला साल लागली. गुळगुळीत, कोमट. मी हात पसरत गेले, तरी ती वळत नव्हती, नुसती पुढे पुढे जात होती, भिंतीसारखी.

छातीच्या उंचीवर ढोली होती. मी हात आत घातला.

आतून एका लहान हाताने माझा हात धरला.

अंगठा आपोआप गेला. मोहरीएवढा खडा.

“आहे,” मी म्हणाले. “आहे गं, आहे.”

तिने इतकं घट्ट धरलं की माझी बोटं बधिर झाली. मी ओढलं. पाय रोवून, सगळा जीव एकवटून ओढलं. हात येईना, सुटेही ना. शेवटी दुसऱ्या हाताने मी पट्टी वर सारली. समोर ते बारीक खोड होतं आणि माझा हात त्याच्या शेजारी हवेत लांब केलेला होता, मूठ वळलेली. मुठीत काही नव्हतं.

परत आले तेव्हा बाकावरची मुलगी मी बसवली होती तशीच बसलेली होती. नळ ठिबकत होता. ती खिडकीतून माझ्याकडेच बघत होती.

बहीण तिला न्यायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ऐकणाऱ्याला ते कसं वाटेल हे मला कळत होतं, तरी सांगितलं. तिने मुलीचा तळहात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाली, विरघळला असेल, बरंच झालं. मी म्हटलं, दगड विरघळतो का? तिने मुलीला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि माझ्यासमोर बसली. आजाऱ्यांशी बोलते तशी हळू आवाजात बोलली.

“ताई, नऊ महिने मी तिला पोटात वाढवलंय. मी माझ्या मुलीला ओळखणार नाही का?”

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मला दाखवायला हातात कांकणही नव्हतं. जशी दिली होती तशी परत दे, एवढंच तिने मागितलं होतं. त्या दोघी जिना उतरून गेल्या तेव्हा मुलीने मागे वळून हात हलवला, अगदी शहाण्यासारखा.

ते झाड मी तोडवलंही. कीड लागलीय म्हणून काकांच्या मागे लागले. काकांना कीड कुठे दिसली नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी करवत आणली. बुंधा आतून पांढरा, निरोगी होता. सगळे गेल्यावर मी पट्टी बांधून त्या बुडख्याच्या दिशेने गेले. साल तिथेच होती. ढोलीही तिथेच होती, आणि हातही.

याला आता बरेच उन्हाळे झाले. बहिणीची मुलगी माझ्याहून उंच झाली आहे. वर्गात पहिली येते, कोणाला उलटून बोलत नाही, कसली म्हणून भीती नाही. बहीण म्हणते, पोरीने माझं सोनं केलं. मी त्यांच्याकडे जाते, चहा पिते, निघते. मुलगी मला दारापर्यंत सोडायला येते. तिचा हात मी धरत नाही.

कायमची नोकरी दोनदा चालून आली, घेतली नाही. शिबिराचं काम सोडलं तर त्या जंगलात जायला मला काय कारण उरेल? झाडओळख मी आता मुलांना खेळायला देत नाही. पट्ट्या जाळून टाकल्या. एक ठेवली आहे, ती माझ्या पिशवीत असते.

मुलं गेली की मी ती बांधते. आतला हात वाढलेला नाही, तेवढाच आहे. पहिली काही वर्षं तो वाट बघत असायचा, मी आत घातल्याबरोबर झडप घालायचा. मग त्याला यायला वेळ लागू लागला. पकड सैल होत गेली. मी दर वेळी खडा दाबून म्हणते, आहे गं. आतून कधी आवाज आलेला नाही.

या उन्हाळ्यात पहिल्या दिवशी मी किती तरी वेळ हात आत घालून उभी होते. पाय भरून आले. मग तो आला.

त्याने माझा हात धरला नाही. चाचपला. एकेक बोट, नखं, बोटांची पेरं, मग मनगट. शांतपणे, नीट, मी मुलांना शिकवायचे तसं.

मी खडा शोधून दाबला. “आहे,” म्हणाले.

तो थांबला.

मग त्याने माझ्या तळहातावर दोनदा थोपटलं आणि तो पुढे वळला.