पाच लुपिता आणि एक रोसेंदा

रोसेंदा गेल्याचं कळलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मी काळा घेवडा परतत होतो. पुएब्लाच्या हॉस्पिटलातून तिच्या धाकट्या बहिणीचा, लुपिताचा फोन आला. ती फक्त "भाऊजी..." म्हणाली. मी गॅस बंद केला. मग पुन्हा लावला. साडेदहाला मधली सुट्टी होणार होती, आमची अमारांता शाळेच्या फाटकाच्या गजांपाशी येऊन उभी राहणार होती. उपाशी पोरीला असली बातमी कशी सांगायची? मी डबा केला, नेला, गजांमधून आत दिला.

"आईचा काही निरोप?" तिनं विचारलं.

"आधी खा," मी म्हटलं. दुपारी घरी आणून सांगितलं.

त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. रोसेंदा मला त्याच गजांपाशी भेटली होती. ते लिहिता येईल.

आमच्या अत्लिस्को गावात सकाळी दप्तरात डबा घालून देणं म्हणजे पोराला गार खायला घालणं. म्हणून मधल्या सुट्टीत आया, आज्या, मावश्या ताजं रांधलेलं रुमालात बांधून आणतात आणि गजांमधून देतात. तेरा वर्षांपूर्वी माझी बहीण कपड्याच्या कारखान्यात लागली आणि भाचीचं हे काम माझ्यावर आलं. माझं पंक्चरचं दुकान शाळेपासून पन्नास पावलांवर. पहिल्या दिवशी मी पावात अंडं कोंबलं, कागदात गुंडाळलं, गजांतून हात घातला आणि भाचीच्या नावानं ओरडलो, "लुपिता!"

पाच हात पुढे आले. जो जवळ होता त्यात मी पाव ठेवला.

"माझ्या बहिणीला हे कुणी दिलं?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं. रोपवाटिकेचा हिरवा एप्रन, नखांत माती, हातात वाफाळणारा रुमाल. आणि डोळे... रागावलेले होते, पण मला बघत राहावंसं वाटलं.

"मी," मी म्हटलं. "लुपिता म्हणून हाक मारली, तर—"

"या शाळेत? नुसतं लुपिता? उद्या बाजारात जाऊन 'अहो बाई' म्हणून ओरडा!"

"मग कसं बोलवायचं?"

"आडनाव सांगायचं, वर्ग सांगायचा. तरी नाही भागलं तर आजीचं नाव. आणि पावावर हे काळं काय आहे? मिरी?"

"ग्रीस."

तीन नातवंडांसाठी येणारी दोन्या चोले, म्हणजे चोलेबाई, इतकी हसली की तिच्या हातातून एक पुडकं खाली पडलं. रोसेंदा हसली नाही. तिनं बहिणीकडून पाव काढून घेतला, आपला रुमाल सोडला आणि त्यातले अर्धे टाको माझ्या भाचीला बोलावून दिले.

"मामा कसाही असो, पोरीनं उपाशी राहू नये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी हात घासून जायला लागलो. ती काय आणते ते बघायचो. तिच्या रुमालातल्या मक्याच्या तोर्तिया कधी एकमेकींना चिकटलेल्या नसायच्या. भोपळ्याच्या फुलांची भाजी असली तर तिखट वेगळं, पानात बांधून. लुपिताचा दात हलत होता त्या आठवड्यात तिनं भाजीच्या निवडुंगाचे तुकडे नखाएवढे चिरले होते. त्या दोघींची आई वारली होती. पण तिचा रुमाल उघडल्यावर तसं कुणी म्हटलं नसतं. मी आयुष्यात पुष्कळ कारागीर पाहिले, इतक्या मनापासून काम करणारं माणूस पाहिलं नाही.

"माझ्या रुमालात काय शोधताय?" ती म्हणायची.

"शिकतोय."

"मग घेवडा मऊ शिजवा आधी. तुमचा दगड आहे, दगड! टायरमध्ये भरा."

डिसेंबरात मी तिला लग्नाचं विचारलं. थंडी होती, ज्वालामुखीच्या टोकावर बर्फ दिसत होतं, आणि मी ते बर्फाकडे बघतच विचारलं.

"लुपिता पाचवीत आहे," ती म्हणाली. "आईला मी शब्द दिलाय — सहावी पार पडेपर्यंत मी हिची. तोवर दुसऱ्या कुणाची नाही."

"मी थांबेन."

"कुठे थांबणार?"

"इथंच. साडेदहाला."

"बघू," ती म्हणाली. पण कान लाल झाले होते तिचे.

जानेवारीत माझ्या बहिणीला त्लास्कालाला काम मिळालं आणि ती भाचीला घेऊन गेली. आता माझं गजांपाशी काय काम? मी तरी डबा करत राहिलो. ज्या पोरीकडे त्या दिवशी कुणी आलेलं नसेल तिला द्यायचो. मार्चपर्यंत असं चाललं.

"तुमची भाची बरीच उंच झाली हो," एक दिवस रोसेंदा म्हणाली.

"पोरं वाढतात..."

"नावही बदललं वाटतं. हिचं खिमेना आहे."

मी मान खाली घातली. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर..." ती रुमालाची गाठ उगाच सोडत-बांधत राहिली. "तर तू यायचा थांबला असतास."

तू म्हणाली ती मला. पहिल्यांदा. मी दुकानात परत गेलो आणि एका माणसाचं चांगलं चाक खोलून ठेवलं, पंक्चर दुसऱ्याच चाकाला होतं.

दीड वर्ष मी एक दिवस चुकवला नाही. जुलैत सहावीचा निरोप समारंभ झाला. त्या दिवशी घरच्यांना शाळेत बोलावलं होतं, रोसेंदा आत होती, मी बाहेर रस्त्यावर. साडेदहाला ती पोरांमधून वाट काढत गजांपाशी आली आणि पोरं करतात तसा हात बाहेर काढला.

"नीट हाक मार," ती म्हणाली. "नुसत्या नावानं येणार नाही मी."

मी ओरडलो, "रोसेंदा कोयोत्ल! सेर्वांतो शेठच्या रोपवाटिकेतली! दोन्या एलोदियाची नात!"

आख्खं पटांगण वळून बघायला लागलं.

"हजर," ती म्हणाली, आणि मी तिचा हात धरला.

"आता तरी लग्नाची घंटा वाजवा कुणीतरी!" दोन्या चोले ओरडली.

आमचा संसार अकरा वर्षांचा झाला. त्यात मला तक्रार करण्यासारखं काही सापडत नाही.

अमारांता आता तिसरीत आहे. गेल्या आठवड्यात खाता खाता तिनं विचारलं, "बाबा, आईला डबा कोण आणून द्यायचं?"

रोसेंदा रोपवाटिकेतून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन धावत यायची, आधी लुपितासाठी, नंतर अमारांतासाठी, आणि तशीच परत कामावर जायची. मी कधी विचारलं तर म्हणायची, "खाल्लंय मी." मी ते खरं मानायचो.

तिच्यासाठी म्हणून एक डबा मी कधी केला नाही.