तसाच रेडिओ

“रेडिओ आनाले धुरपता जाईन!”

ओसरीवरून यादोरावांचे शब्द आले आणि चुलीवरून भाताची हंडी उतरवणारे धुरपताचे हात जागच्या जागी थबकले. दिवाळीपासून सासऱ्यांनी तिच्याशी एक अवाक्षरही उच्चारले नव्हते. आणि आज, तिचे नाव! हा कौल होता की शिक्षा? क्षमा होती की नवा घाव? तिला काहीच उमगेना...

“बाबा, फोडला तिनंच, अन् आनाले तिलेच पाठवता?” धाकटा दीर टिकाराम उसळून म्हणाला.

“म्हनूनच पाठवतो. जिनं फोडला तिनंच आनावा. अन् आयकून घे, मले तसाच पायजे. माज्या दुधरामनं आनला होता, तसाच!”

दुधराम... यादोरावांचा थोरला मुलगा, धुरपताचा नवरा! गोंदियाच्या भातगिरणीत राबून, पोटाला चिमटा घेऊन त्याने तो रेडिओ घेतला होता आणि छोट्या रेल्वेगाडीने गावी, सौंदडला येताना तान्ह्या लेकरासारखा मांडीवर धरून आणला होता. बॅटरीवर चालणारा तो लाकडी पेटारा ओसरीतल्या फळीवर बसला, आणि पुढच्याच वर्षी दुधराम तापाने गेला. त्यानंतर यादोरावांची दृष्टी मंदावत मंदावत पार विझली. तेव्हापासून रोज सांजवेळी ते रेडिओ लावून बसत, पण ऐकण्यापेक्षा त्यावरून हात फिरवीत राहत. त्या वेळी त्यांच्या मुद्रेवर जे वात्सल्य उमटे, ते पाहून धुरपता पदर डोळ्यांना लावून आत निघून जाई.

दिवाळीच्या सारवणात तो रेडिओ पडला. पडला तो धाकट्या जावेच्या, प्रेमिलाच्या हातून. फळी पुसताना तिने तो उचलला, हात ओले होते... एका क्षणात लाकडाच्या चिरफळ्या आणि काचांचा चुरा! प्रेमिला नुकतीच सासरी आलेली पोर. तिला माहेर उरले नव्हते, आणि टिकाराम शीघ्रकोपी. आदल्याच आठवड्यात दूध उतू गेले म्हणून त्याने तिला घराबाहेर काढण्याची भाषा केली होती. आवाज ऐकून यादोराव चाचपडत आले तेव्हा ती पोर भीतीने पांढरीफटक पडली होती. धुरपताच्या तोंडून शब्द निघून गेले, “मामाजी, माज्या हातून पडला!”

यादोराव खाली बसले. त्यांनी तुकडे चाचपून पाहिले आणि ते म्हणाले, “माजं लेकरू दुसऱ्यांदा मेलं, सुनबाई...” 

तेच त्यांचे तिच्याशी शेवटचे शब्द. मग ते अभेद्य मौन!

आणि आता धान विकून आलेले थोडके पैसे टिकारामच्या हाती देऊन ते तिलाच निवड करायला पाठवत होते. निघताना प्रेमिलाने तिला कोठीजवळ गाठले. “बाई, मले सांगू द्या ना आता. माज्याच्यानं सहन नाई होत.”

“गप राह्य,” धुरपता म्हणाली. पण या वेळी तिच्या स्वरात पूर्वीची निश्चिती नव्हती.

गोंदियाला स्टेशनजवळच्या त्या दुकानात शिरताच ती दाराशीच थांबली. चहूकडे रेडिओच रेडिओ! कुठे गाणे, कुठे भाषण, कुठे नुसतीच खरखर... दुकानदार चुन्नीलालने आधी एक भला मोठा, चकचकीत रेडिओ दाखवला, पण त्याची किंमत ऐकताच टिकारामने मान फिरवली. मग चुन्नीलालने एक लहानसा, नवाकोरा रेडिओ पुढे सरकवला. त्याला लाकूड नव्हते, गुळगुळीत पिवळट अंग होते, पण नागपूरचा आवाज असा स्वच्छ आला की बोलणारा जणू शेजारी बसला आहे!

“नाई,” टिकाराम म्हणाला, “आमाले जुन्यासारखाच पायजे.” आणि त्याने वर्णन केले.

चुन्नीलाल मागच्या खोलीतून एक रेडिओ घेऊन आला. धुरपता पुढे झाली. तेच काळसर लाकूड, समोर तेच विणलेले कापड, त्याच दोन खुंट्या... जणू तिचे विस्कटलेले सौभाग्यच कुणी जुळवून पुढ्यात ठेवले होते! पण खुंटी फिरवताच आत घोगरी घरघर झाली, आवाज आला आणि विरून गेला.

“ऊपर से वैसा ही है बाई,” चुन्नीलाल प्रामाणिकपणे म्हणाला, “अंदर से बूढ़ा हो गया है. चला तो चला, नहीं तो बंद. दाम दोनों का बराबर समझो.”

“हाच घेऊन टाक, वयनी,” टिकाराम तिच्या कानाशी म्हणाला. “बाबाले दिसते कुठं? हाताले तसाच लागला का झालं. बंद पडला त पडला.”

धुरपता गोंधळून गेली. मामाजींना काय हवे होते, आवाज की स्पर्श? त्यांनी तर स्पष्ट सांगितले होते, तसाच! आज्ञा मोडणारी ती कोण? आणि तिलाही तर तोच हवा होता... तिने हात त्या लाकडावर ठेवला. बोटे आपसूक डाव्या कोपऱ्याकडे गेली. गाडीतून उतरताना दुधरामच्या हातून जुन्या रेडिओचा तिथे टवका उडाला होता. हा कोपरा शाबूत होता, गुळगुळीत! तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. हे दुसऱ्याच कुणाच्या घरचे होते. आणि हे उद्या बंद पडले तर? त्या आंधळ्या म्हाताऱ्याने आपले लेकरू आणखी किती वेळा गमवायचे?

“तो नवा द्या,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो याचे तिचे तिलाच भय वाटले.

परतीच्या गाडीत टिकाराम तोंड फिरवून बसला होता. प्रत्येक स्टेशनावर तिला वाटे, उतरावे, मागे जावे, बदलून आणावा... पुन्हा वाटे, नको. चूक कोणती आणि बरोबर कोणते, काही म्हणता काही कळत नव्हते!

ऊन कलताना ती घरी पोचली. यादोराव ओसरीवर वाटच पाहत होते. तिने रेडिओ त्यांच्यापुढे ठेवला. त्यांची आतुर बोटे त्यावरून फिरली... थांबली...

“हा तो नाई.”

“नाई, मामाजी.”

“तसा भेटला नाई?”

“भेटला होता, बाबा!” टिकाराम कडाडला. “हिनंच घेतला नाई!”

यादोरावांचा चेहरा वेदनेने पिळवटला. “काऊन, सुनबाई? त्याची आठवन बी ठेवाची नाई काय या घरात?”

धुरपताच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. “तसाच आनला असता, त तुमी त्याच्यावर हात फिरवत बसले असते, अन् मी पाहत राहिली असती. तो त्यांचा नव्हता, मामाजी! नुसता तसा दिसत होता. मले तुमाले फसवता नाई आलं...”

“फसवलं!” दाराआडून हंबरडा आला. प्रेमिला धावत येऊन सासऱ्यांच्या पायांवर कोसळली. “फसवलं तुमाले बाईनं! रेडिओ माज्या हातून पडला, मामाजी. यायच्या हातून नाई, माज्या! मी भेली... अन् यायनं आपल्यावर घेतलं!”

टिकाराम ताडकन उठला.

“बस खाली!” यादोराव गरजले. तो बसला. मग त्यांचा आवाज आला, अगदी क्षीण. “तू काऊन म्हनली तसं, धुरपता?”

“तिले कोनीच नव्हतं, मामाजी...” ती हुंदका आवरत म्हणाली. “मले तुमी होते. मले वाटलं, चार दिस रागवसान, मंग बोलसान.”

“अन् मी बोललोच नाई...”

यादोरावांनी दोन्ही हात हवेत पसरले. ती पुढे सरकली तेव्हा त्यांच्या हाताला तिचे मस्तक लागले, आणि तो कठोर म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला. “माजं लेकरू मेलं, माजं लेकरू मेलं, हेच घोकत राहिलो मी. तो तुजा बी होता, माय... हे मले आठवलंच नाई! आज तुले धाडली, तेबी कायले धाडली, मले समजत नव्हतं. शिक्षा द्याची होती का तुजा आवाज आयकाचा होता... देवाले मालूम!”

टिकारामने मान खाली घातली. थोड्या वेळाने तो प्रेमिलाजवळ गेला, तिला दंडाला धरून उठवले. मग रेडिओची एरियलची तार घेऊन छपरावर चढला आणि ती बांबूला घट्ट बांधून आला. प्रेमिलाने बॅटरी जोडली आणि खुंटी मात्र जावेपुढे केली.

धुरपताने ती फिरवली. ओसरीत एक स्वच्छ, अनोळखी आवाज भरून गेला. त्या आवाजाने तिला बरे वाटत होते की अपराधी, तिला सांगता आले नसते. दुधराम आज आणखी दूर गेला होता की जवळ आला होता? ती नुसती ऐकत होती, पण एकही शब्द आत शिरत नव्हता. यादोरावांनी तिचा हात सोडला नव्हता.

“काय सांगून राहिला तो?” त्यांनी विचारले.

“मले बी नाई समजलं, मामाजी.”

“राहू दे,” ते म्हणाले. “तू बस अठीच.”