तिसऱ्या खांबापाशी

पौडच्या स्टँडवर जुईली कोळवणच्या एसटीत चढली, तेव्हा एकच जागा मोकळी होती. तीही नावापुरती, कारण तिच्यावर लाल कापडात गुंडाळलेला मृदंग ऐसपैस बसला होता. आणि त्याच्या शेजारी कैलास. दोन वर्षांनी समोर आलेल्या तिला बघून त्यानं मृदंग उचलून मांडीवर घेतला.

"बसा म्याडम. देवाचं वाद्य उठवलंय तुमच्यासाठी."

जुईली मूळची अमरावतीची. दोन वर्षांपूर्वी भातावरच्या अभ्यासासाठी ती कोळवणला आली, तेव्हा कैलासच्या आईनं, सगुणाबाईंनी, तिला माडीवरची खोली भाड्यानं दिली होती. खिडकीखाली भाताची खाचरं. आंबेमोहोर फुलला की वास थेट उशीपर्यंत यायचा, आणि ती दिवसभर लॅपटॉपवर त्याच भाताचा डीएनए वाचत बसायची. चहा घेऊन आलेला कैलास दारातच रेंगाळायचा. एकदा तिनं त्याला एक साइट दाखवली. डीएनएतले पुष्कळ तुकडे स्वतः काहीच बनवत नाहीत, पण कुठलं जनुक कधी जागं व्हायचं ते त्यांच्या इशाऱ्यावर ठरतं. असा तुकडा त्या साइटवर टाकला, की त्याचा इशारा कुठल्या जनुकाला असावा याचा अंदाज मिळतो.

"म्हंजी आमच्या बुवांचा हात," कैलास म्हणाला होता. "हात काय गात न्हाई. पर वर गेला की टाळकरी अभंग उचलत्यात."

इतकं नेमकं तिला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मग इशारा शेजारच्याच जनुकाला असणार ना, असं त्यानं विचारलं, तेव्हा ती हसली होती. सगळे तिथंच फसतात, म्हणाली. डीएनएचा धागा वळसा घेतो, लांबचं जवळ येतं, म्हणून शेजार बघून काही ठरवायचं नाही.

त्या वर्षीच्या सप्ताहात ती रोज कीर्तनाला गेली. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या खांबापाशी बसायची. मृदंगावर कैलास, त्याच्या लगत पेटीवर गावातलीच गौतमी. थाप टाकण्याआधी त्याची नजर तिकडंच वळायची — गौतमीकडं. जुईलीनं काय ते ओळखलं. हैदराबादची नोकरी चालून आली होती. तिनं होकार कळवला आणि सप्ताह उठायच्या आत खोलीची किल्ली सगुणाबाईंच्या हातात ठेवली.

आता चार दिवसांपूर्वी सगुणाबाईंचाच फोन आला होता, काल्याच्या कीर्तनाला ये म्हणून. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं, की रविवारी कैलासला बघायला मुलीकडचे येणार आहेत. जुईली येते म्हणाली. येऊन काय करणार, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. एवढंच, की रविवारनंतर यायला काही अर्थ उरणार नव्हता.

एसटी वळणं घेत होती. कापलेल्या भाताचा ओलसर वास आत येत होता.

"गौतमी कशी आहे?" तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं.

"भरे गावाला दिली. लेकरू झालंय." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "का वो?"

"काही नाही... मला वाटायचं, तुम्ही दोघं... शेजारी शेजारी असायचा ना."

कैलासनं मृदंगाची एक चामडी वादी ओढून घट्ट केली.

"तिच्या मागं तिसरा खांब व्हता," तो हळूच म्हणाला. "आमाला शिकवायचं, आन् सोता मातर शेजारचंच धरायचं व्हय, म्याडम?"

तिनं खिडकीबाहेरची नजर त्याच्याकडं वळवली. काही बोलणार, तोच कोळवण आलं, आणि मृदंगाची वाट बघणारी मंडळी त्याला देवळाकडं घेऊनही गेली.

गेली दोन वर्षं याची थाप मात्राभर उशिरा पडते, मन कुठं ठेवून येतो देव जाणे, असं विठ्ठलराव बुवा भर कीर्तनात त्याची थट्टा करायचे. आज बुवांचा हात वर गेला. कैलासनं तिसऱ्या खांबाकडं पाहिलं, आणि थाप अशी समेवर आली, की बुवा निरूपण विसरून क्षणभर डोळे मिटून उभेच राहिले. जुईलीनं नजर खाली घेतली नाही.

हंडी फुटली. सगुणाबाई लाह्या-दह्याचा काला वाटत तिच्यापर्यंत आल्या.

"काकू," तिनं ओंजळ पुढं करत हळूच विचारलं, "रविवारच्या पाहुण्यांना... येऊ नका म्हणून कळवाल?"

सगुणाबाईंनी तिच्या ओंजळीत आणखी एक मूठ काला घातला.

"तू येते म्हणालीस, तवाच कळवलंय, बाय. खा आदी."