चौथ्या टाकीचा उपास

शेवाळातून तेल काढायचं म्हणजे आधी त्याला भरपूर खाऊ घालायचं आणि मग उपाशी मारायचं. हे सांगितलं की पाहुणे हसतात, पण आमच्या कारखान्यात रोज तेच चालतं. पुरुषभर उंचीच्या काचेच्या सहा टाक्या, तळातून सुटणारे हवेचे बुडबुडे, आणि पाण्यात इतकं बारीक शेवाळ की डोळ्यांना नुसता हिरवा रंग दिसावा. नत्र मिळतं तोवर ते वाढतं. नत्र तोडलं की वाढ थांबते, चार दिवसांत रंग पिवळा पडतो आणि ते अंगात तेल धरायला लागतं. त्या तेलाचं पुढे डिझेल होतं. नत्र तोडलेल्या दिवसांना आम्ही उपास म्हणतो.

मी तिथली केमिस्ट. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो, असं माझा दादा म्हणतो. दादाही तिथेच, टाक्यांवर. काचा पुसणं, नमुने काढणं, हवेच्या नळ्या बघणं ही त्याची कामं. नोकरी मीच मिळवून दिली होती.

चौथ्या टाकीच्या उपासाला नऊ दिवस झाले तरी ती हिरवीगारच, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाण्यात नत्र शून्य. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशी खुशाल दोनाच्या चार होत होत्या. म्हणजे कुणीतरी चोरून खाऊ घालत होतं, आणि आमच्याकडे एवढा दयाळू माणूस एकच. लहानपणी घरात उंदराचा पिंजरा लावला, तर हा त्यात आणखी एक तुकडा ठेवायचा, पहिला पुरला नसेल म्हणून.

"दादा, खत घालतोस का तिला?"

"शपथ नाही."

"मग हिरवी कशी?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू."

साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, जो कोणी हे करत असेल त्याला घरी बसवा. दादा बावन्न वर्षांचा. आता घरी बसला तर त्याला पुन्हा कोण उभं करणार? मी खताच्या खोलीला कुलूप घातलं. टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली. पट्टी जागची हलली नाही आणि टाकीचा रंगही.

मग वहिनीचा फोन आला. "अगं, ह्यांचा डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो, आणि माणूस बघ, निम्मा झालाय. डॉक्टर म्हणतात, काही नाही."

डबा कुठे रिकामा होतो ते बघायला दुपारी मी त्याच्यासमोर जाऊन बसले. त्याने शेवटचा घास माझ्यादेखत खाल्ला.

"झालं समाधान? की तोंड उघडून दाखवू?"

मला लाज वाटली. पण घड्याळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होतं, तेही दिसत होतं. डबा बंद करून तो उठला, चौथ्या टाकीशी गेला आणि काचेला तळहात लावून उभा राहिला.

"हे काय?"

"कोमट लागते. बरं वाटतं."

मी तापमान पाहिलं. सगळ्या टाक्या सारख्याच होत्या.

खिडकी टाकीच्या पलीकडे होती. हे शेवाळ उजेडाकडे सरकतं, त्यामुळे गडद थर खिडकीच्या बाजूला धरायला हवा होता. तो दादाच्या हातामागे धरला होता. पाचही बोटं मोजता येत होती.

"दादा, जरा ह्या बाजूने हात लाव."

त्याने लावला. मी घड्याळाकडे पाहत उभी राहिले. सहा मिनिटांत पहिला थर विरला. आठव्या मिनिटाला नव्या जागी बोटं उमटली.

मी घाबरले.

"हात काढ."

"अगं, पण..."

"काढ म्हणते ना!"

त्याने हात काढला. काचेआडची बोटं हळूहळू मिटली.

त्याच दुपारी मी साहेबांना सांगितलं की खत दादाच घालत होता. धडधडीत खोटं बोलले. त्याला तासाभरात काढून टाकलं. जाताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, भांडला नाही.

चौथ्या दिवशी टाकी पिवळी पडली. तेल इतकं निघालं की साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी बाहेर येऊन वहिनीला फोन लावला.

"दादा कसा आहे?"

"तुझं नाव काढू देत नाहीत. पण तब्येत सुधारली हं. गाल भरलेत, अंगावर तजेला आलाय."

मला रडू आलं. म्हटलं, शिव्या देईना का, वाचला.

"जेवतो ना आता नीट?"

"तेच तुला विचारणार होते. घरी आल्यापासून अन्नाला शिवलेले नाहीत. भूकच नाही म्हणतात. दिवसभर खिडकीत बसतात, ऊन सरकलं की खुर्ची सरकवतात. आज डोकं दुखेल म्हणून मी पडदा ओढला, तर एवढा मोठा माणूस, ढसाढसा रडायला लागला गं."



"वहिनी," मी म्हणाले, "पडदा ओढू नकोस."