पंचांचं पाणी

चोराला शिक्षा काय द्यावी, या प्रश्नाने त्या फाल्गुनात उज्ज्वलाचं डोकं पार पिकलं होतं. चोर खरे नव्हते, त्यांनी लांबवलेली गलबतंही खरी नव्हती; पण ज्यांची गलबतं जात ती माणसं खरी होती आणि रोज सकाळी कंपनीच्या नावाने खरी बोटं मोडत.

कंपनी सुरतेच्या कतारगामात होती. खाली हिऱ्यांचे कारखाने, तिथल्या हिरे घासायच्या चाकांची, घंट्यांची, घरघर दिवसभर जिन्यातून वर येई, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर उज्ज्वला धरून आठनऊ जण 'बंदर' नावाचा ऑनलाइन खेळ चालवत. खेळात बंदराचं एक जुनं शहर होतं. हजारो माणसं आपापल्या मोबाइलवरून त्यात शिरत, दुकानं टाकत, गलबतं बांधत आणि एकमेकांना लुबाडत. लुबाडायला तशी मुभा होती, नाहीतर खेळणार कोण? पण नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी नागवं होऊन रडत बाहेर पडू नये, एवढा तरी कायदा हवा होता. तो करायचं काम उज्ज्वलाकडे आलं होतं.

दंड ठेवून पाहिला, तर श्रीमंत चोर दंड तोंडावर फेकून पुन्हा चोरीला मोकळे. तुरुंग बांधला, तर आत असा अड्डा जमला की सज्जन माणसं मुद्दाम गुन्हे करून आत जाऊ लागली. हाकलून दिलं, तर घटकाभरात तोच चोर नव्या नावाने हजर. मालक तुषार मूळ नाशिककडचा, पण सुरतेतच वाढलेला. तो अधूनमधून केबिनमधून डोकं बाहेर काढी. "उज्ज्वला, शुं थयुं? लोक सोडून चाललेत."

उपाय सापडला तो डिंडोलीच्या घरात, आईच्या तोंडून. मंगलाबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या आणि बोलता बोलता सासऱ्यांवर आल्या. उज्ज्वलाचे आजोबा, म्हणजे आबा, पारोळ्याकडच्या एका खेड्यात राहत. एका वर्षी पंचांनी त्यांना वाळीत टाकलं होतं.

"कोनी मारं नही, शिव्या दिन्यात नहीत," मंगलाबाई म्हणाल्या. "फक्त कोनी देखंच नही त्यासले. आबा म्हनेत, यापेक्षा मार बरा व्हता."

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण आला तेव्हा एक पंच आबांच्या दारी गेला, त्यांच्या हातून लोटाभर पाणी प्याला, आणि आबा पुन्हा गावातले झाले. उज्ज्वलाला या गोष्टीत आबांचं दुःख दिसायच्या आधी कायद्याचा साचा दिसला. हुशार माणसांचं हे असंच होतं.

तिने कायदा बेतला. खेळाडूंतून चिठ्ठ्या टाकून पाच पंच निवडायचे. गुन्हा शाबीत झाला की गुन्हेगार वाळीत. तो शहरात फिरेल, सगळं बघेल, पण त्याला कोणी बघणार नाही. शिक्षा एकदम अंगावर कोसळू नये म्हणून तिने तिला पायऱ्या केल्या: आधी तो परक्यांना दिसेनासा होईल, मग ओळखीच्यांना, मग जवळच्यांना आणि शेवटी पंचांना. पंचांच्या मनाला नंतर टोचणी नको, म्हणून त्यांनी दिलेला निकालही त्यांच्यापुढून पुसला जाईल. सुटका आखाजीला. त्या दिवशी गुन्हेगाराच्या हाती पाण्याचा लोटा येईल. तो लोटा मात्र सगळ्यांना दिसेल. दिवस मावळायच्या आत पाचांपैकी एक जरी पंच ते पाणी प्याला, तरी माणूस परत. कोणीच प्यालं नाही तर काय, हे तिने ठरवलं नाही. कोणी ना कोणी पिईलच, असं ती धरून चालली.

उज्ज्वला स्वतःही खेळे, आणि पहिल्याच खटल्यात पंचांतली एक चिठ्ठी तिच्याच नावाची निघाली. आरोपी नव्या खेळाडूंना वाट दाखवतो म्हणून सोबत नेई आणि भर समुद्रात त्यांचं गलबत काढून घेई. दोन पंच इकडे, दोन तिकडे. निकाल उज्ज्वलाच्या मतावर अडला, तेव्हा तिने आरोपीचं खरं नाव पाहिलं. योगेंद्र. तिचा धाकटा भाऊ. कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये ऑफिसात कामाला होता आणि रिकामा वेळ सगळा 'बंदरा'त घालवी.

तुषार म्हणाला, "तू बाजूला हो, दुसरी चिठ्ठी काढू."

पण घरच्याला सोडलं तर तो कायदा कसला? उज्ज्वलाने वाळीत टाकायचं मत दिलं. तिची छाती थोडी फुगलीही होती.

घरी योगेंद्र पोट धरून हसला. "ताई, घरनाच भेटना का व तुले?"

चारआठ दिवसांनी त्याने जेवताना एक गंमत सांगितली. कडोदऱ्याच्या रिक्षात तो कडेला बसला होता. "ताई, एक जण मनी मांडीवर पिशवी ठेईसन बठना. मी बोली ऱ्हायनू, पन त्याना लक्षच नही." सगळे हसले. मग मिलच्या हजेरीचं यंत्र त्याचा अंगठा घेईना. मग नाक्यावरच्या लारीवाल्याने त्याला चहा दिला नाही, आणि हे सांगताना तो पहिल्याइतका हसला नाही.

पुढे एका दुपारी शेजारच्या प्रमिलाबाई आल्या. योगेंद्र खाटेवर पाय पसरून पडला होता. प्रमिलाबाईंनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यांनी खाटेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मंगलाबाई, ही खाट रिकामी शे तं माले द्या ना. पाव्हना ई ऱ्हायनात."

योगेंद्र हळूच उठला. प्रमिलाबाईंनी खाट उभी केली, चादर झटकली आणि घेऊन गेल्या. चादरीला त्याच्या अंगाची ऊब असणारच, पण त्यांना काही जाणवलं नाही.

आधी परके, मग ओळखीचे. उज्ज्वलाने मनाशी कायद्याच्या पायऱ्या मोजल्या.

ती तशीच कतारगामला गेली. तुषारपुढे उभी राहून म्हणाली, "योगेंद्रची शिक्षा काढ. सगळा कायदाच काढ."

तुषारने कॉम्प्युटरवर शोधलं. असा खटला नव्हता. असा खेळाडूही नव्हता. "कोण योगेंद्र?"

"माझा भाऊ. गेल्या दिवाळीत तुझ्या गाडीचं चाक बदलून दिलं त्याने."

"चाक मीच बदललं होतं," तुषार सावकाश म्हणाला. "उज्ज्वला, तू तर एकटीच ना घरात? तू आणि मम्मी?"

तिने त्याच्या हातातून माउस ओढून घेतला आणि कायदा मुळासकट काढून टाकला. बाकीच्या चार पंचांना निरोप धाडले. चौघांचं उत्तर एकच आलं, आम्ही कधी पंच नव्हतो. कंपनीतले लोक तिच्याकडे बघत होते. तिला आता कोणाचीच लाज उरली नव्हती.

घरी आली तर मंगलाबाईंनी दोन ताटं वाढली होती. योगेंद्र ओट्याला टेकून उभा होता.

"माय, योगूनं ताट?"

"कोन योगू?" मंगलाबाई भाकरी उलटत म्हणाल्या.

योगेंद्र सवयीने हसायला गेला. मग तो खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडला, लहानपणी रडायचा तसा, मोठ्याने. आईच्या हातातली भाकरी जराही थांबली नाही.

त्या दिवसापासून भावंडं एका ताटात जेवू लागली. मंगलाबाईंना वाटे, पोरीची भूक वाढली. त्यांनी योगेंद्रचा निळा शर्ट फाडून त्याचं पोतेरं केलं, तेव्हा त्याने बहिणीचा हात घट्ट धरला. मिलने त्याच्या जागी माणूस घेतला नव्हता. मुळात तिथे जागाच नव्हती, असं मिलवाले म्हणाले.

शेवटी पंच. उज्ज्वला रात्रंदिवस तेवढाच विचार करी. तिला दिसत होतं की शेवटची पायरी तीच आहे. बाकी चौघे विसरले होते. ती तेवढी टिकली होती, बहुधा एका ताटात जेवत होती म्हणून. आणि ती विसरली, तर आखाजीला समोर आलेल्या लोट्यातलं पाणी ती कशाला पिईल? कायद्यात तेवढी एकच फट राहिली होती, आणि ती तिनेच दयेपोटी ठेवली होती.

तिने योगेंद्रला पाणी आणायला लावलं. त्याने पेल्यात ओतलं, तांब्यात ओतलं, ओंजळीत ओतलं. ती सगळं प्याली, पोट दुखेस्तोवर प्याली. काही झालं नाही. आखाजी अजून यायची होती.

"माय, आखाजीले मी काही म्हनो, तू माले घागरनं पानी पाज," ती आईला म्हणाली.

मंगलाबाई चमकल्या. आखाजीला घागर भरतात ती पितरांची. "येडी व्हयनी का? पितरेसनं पानी जिता मानूस पेस का? भलतं बोलू नको."

मग विसरू नये म्हणून तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारली. करकचून, दातांनी ओढून.

योगेंद्रचा आवाज आधी गेला. ओठ हलत, तिला ऐकू येईना. मग सरळ पाहिलं तर तो दिसेना, मान वळवताना तेवढा दिसे. तिने ताटाची अर्धी बाजू मोकळी ठेवावी आणि तिथला भात हळूहळू कमी व्हावा, एवढ्यावर ती जगत होती.

एका दुपारी तो भात तसाच राहिला.

"योगू, आखाजीले पानी लय," ती भिंतीला, दाराला, हवेला म्हणाली. "कसंबी कर, पन माले पाज. मी नही म्हनसू तरी पाज." तिच्या खांद्याला काहीतरी लागलं. हात असेल. ती तशीच दुपारभर बसून राहिली, डोळे न मिटता, त्याचं नाव पुटपुटत.

आखाजीला उज्ज्वलाने सुट्टी घेतली. घरात दोघीच मायलेकी, पण सण सोडायचा नाही, असा मंगलाबाईंचा बाणा. त्यांनी पहाटेच पुरण वाटलं. नवी घागर भरली, तिच्यावर पितळी लोटा ठेवला, वर डांगराचं फळ ठेवलं. मग दारात बसून पितरांच्या नावाने उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उमटवली. एक सासऱ्यांचं. एक नवऱ्याचं, राघोंचं. तिसरं बोट उमटलं आणि त्या थांबल्या.

"हाई कोनं व माय?" उज्ज्वलाने विचारलं.

"कोन जाने. हात गया," मंगलाबाई म्हणाल्या आणि आत आल्या.

ऊन भाजत होतं. आंबरस वाढला, पोळ्या वाढल्या. उज्ज्वला पाटावर बसली तर ताटाशेजारी पितळी लोटा, काठोकाठ भरलेला. घशाला कोरड पडलीच होती. तिने हात पुढे केला.

"तो घागरवरना लोटा शे!" मंगलाबाई ओरडल्या. "पेवानं नही ते. तुळशीले टाकी ये."

तिने लोटा उचलला, दाराबाहेरच्या तुळशीला पाणी घातलं. ओले हात ओढणीला पुसताना टोकाशी गाठ लागली. ही कशाची? बाजारातून काही आणायचं होतं का? फार आवळून मारली होती. दातांनी सोडवावी लागली.

परत येऊन बसली, तर ताटाशेजारी लोटा. भरलेला.

पाणी हलत होतं. कोणी आत्ताच आणून ठेवल्यासारखं.

"माय, तू पन ना," ती म्हणाली आणि पुन्हा तुळशीकडे गेली.

दुपारभर तो लोटा असाच होता. ती टीव्ही बघत बसली, तर शेजारी. आडवी झाली, तर उशाशी. आईला आता म्हातारपणी काही आठवत नाही, असं मनाशी म्हणत ती दर वेळी उठली. एकदा तर लोटा तिच्या ओठांना लागेल इतका जवळ आला आणि थोडं पाणी हनुवटीवर सांडलं. झोपेत हात लागला असेल. तिने तोंड पुसलं आणि फ्रिजमधली बाटली काढून घटाघटा प्याली.

"पुरे वं," मंगलाबाई आतून म्हणाल्या. "तुळशीनी मुळी सडी जाई."

दिवस मावळला. लोटा घागरीवर उपडा होता आणि कोरडा होता. कुंडीतून वाहिलेलं पाणी उंबरठ्यावरून ओघळत गेलं होतं. पहिली दोन बोटं जशीच्या तशी होती. तिसऱ्याचं कुंकू तेवढं पुसून गेलं होतं.